तुम्ही विचारलेत म्हणून: मान दाबून आठवण परत येते का?

या प्रश्नाचे उत्तर मी दवाखान्याच्या दारात दिले आहे, बाजाराच्या दिवशी रस्त्यात दिले आहे आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत, वाढपी समोर ताटकळत असताना दिले आहे. "मॅडम, तुमी मान दाबून त्या बाईचं डोकं ठिकाणावर आनलं म्हनतात, आमच्या बुढ्याले बी पाहा ना जी," असे म्हणणाऱ्याला दोन वाक्यांत उत्तर दिले की मी एक तर जादूगार ठरते, नाही तर खोटारडी. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी काम करते. माझे हात सांध्यांवर आणि स्नायूंवर चालतात, मेंदूवर नाही. मात्र दुखण्याचा आणि विसरण्याचा संबंध ही काही पारावरची अफवा नव्हे. तीन महिन्यांहून अधिक टिकलेले दुखणे माणसाचे लक्ष सतत स्वतःकडे ओढून घेते, आणि जिकडे लक्षच गेले नाही ती गोष्ट आठवणीत साठणार तरी कशी? शिवाय दुखण्याने झोप मोडते, आणि दिवसभरातले जे लक्षात राहायचे ते पक्के होते झोपेतच. जुनाट पाठदुखीच्या रुग्णांत मेंदूच्या पुढच्या भागातील करडा भाग कमी आढळतो, असे अमेरिकेतील संशोधकांनी 2004 साली दाखवले. कंबरदुखीवर नीट उपचार झाल्यावर त्यातला काही बदल उलटतो, असे कॅनडातील संशोधकांना 2011 साली दिसले. पण ते उपचार शस्त्रक्रियेचे आणि इंजेक्शनचे होते, हाताचे नव्हते. माझ्या बाजूने बोलणारे लोक नेमके हेच गाळतात.

आता त्या बाईंविषयी. त्या पन्नाशीच्या आसपासच्या होत्या. कापूस वेचताना कमरेला बांधलेला ओटा जड होत जातो, मान तासन्‌तास खाली राहते आणि संध्याकाळी गाठोडे डोक्यावर येते. अशा कामात मान धरली नाही तरच नवल. त्यांना मानेपासून डाव्या हातापर्यंत कळ येत असे आणि त्या आल्या होत्या त्यासाठीच. विसरण्याविषयी त्या स्वतः एक अक्षर बोलल्या नाहीत. ते त्यांच्या मुलाने मला बाजूला घेऊन, हळू आवाजात सांगितले. बचत गटाचा हिशोब कित्येक वर्षे त्यांच्याकडे होता. अलीकडे पैसे मोजताना मध्येच आकडा हरवत असे, हप्ता घेतला तरी नोंद राहून जात असे. एका सभेत एका सदस्येने भरलेली रक्कम वहीतही सापडली नाही आणि पेटीतही नाही, तेव्हा सर्वांसमोर "खाल्ले" हा शब्द उच्चारला गेला. बाईंनी घरातले पैसे भरले आणि वही दुसरीच्या हाती दिली. पुढे कधी तरी त्या मला म्हणाल्या, "पैशे म्या नाही घेतले जी, पन गेले कुठी तेबी मले सांगता येत नाही."

लक्ष आणि स्मरण तपासायला मी काही आकडे सांगून ते उलट्या क्रमाने म्हणायला लावले. गटाचे व्याज तोंडी काढणाऱ्या त्या बाई तिसऱ्या आकड्यावर अडकल्या आणि रडू लागल्या.

उपचारात काही गूढ नव्हते. मानेच्या मणक्यांच्या सांध्यांवर अंगठ्यांनी हलका, लयीत दाब द्यायचा आणि कवटीच्या तळाशी आखडलेले स्नायू सैल करायचे. कडकन झटका कुठेही नाही. स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात, हा वेदनेचे संशोधक मेलझॅक आणि वॉल यांनी 1965 साली मांडलेला विचार आज बराच सुधारून घेतला गेला आहे, पण त्याचा गाभा उपयोगाचा आहे. हा आराम काही तास, फार तर एखाद-दोन दिवस टिकतो. तेवढ्या अवधीत मान आणि खांदे चालवण्याचे व्यायाम करून घ्यायचे असतात. काही आठवड्यांनी त्या रात्रभर झोपू लागल्या आणि आकडे उलटे म्हणू लागल्या. मुलाने गावभर सांगितले, "मॅडमनं डोक्याची नस मोकळी केली."

नस वगैरे काही नव्हती. त्याच सुमारास, माझ्या चिठ्ठीवरून, डॉक्टरांनी त्यांची रात्रीची प्रिगॅबलिनची, म्हणजे मज्जातंतूंच्या वेदनेवरची, गोळी कमी केली होती. या गोळीने गुंगी येते आणि काहींचा गोंधळही उडतो. त्याच सुमारास कापसाची वेचणीही संपली होती. यातल्या कशाने किती फरक पडला, हे मी कोणत्या तोंडाने सांगू?

मग त्यांनी कागद मागितला. आता डोके ठीक आहे आणि तेव्हा जे झाले ते दुखण्याने झाले, एवढे त्यांना लिहून हवे होते. दुखणे तीव्र होते, आता कमी आहे, झोप सुधारली आहे आणि अशा दुखण्याने लक्ष व स्मरण मंदावू शकते, असे मी लिहिले. ती रक्कम दुखण्यामुळेच हरवली, असे लिहिले नाही, कारण ते मला ठाऊक नव्हते. सभेत कागद वाचला गेला. "याच्यात त 'शकते' लिवलं हाय," असे कोणी तरी म्हणाले, आणि वही होती तिथेच राहिली. बाई मला एवढेच म्हणाल्या, "हातानं बरं केलं, मंग त्याच हातानं लिवाले काय झालं व्हतं?"

मी त्या कागदातला शब्द आजही बदलणार नाही. पण तो लिहिताना केवळ सत्यच डोळ्यांसमोर होते असेही नाही. तालुक्यातले डॉक्टर हसतील, ही भीतीही होती.

ज्याला दुखतच नाही, पण जो वाट चुकतो, नातवाचे नाव विसरतो, त्याची मान दाबून काहीही होणार नाही. त्याचे बी-12 जीवनसत्त्व, थायरॉइड आणि मनाची उदासी आधी तपासा. फवारणी करणाऱ्याला औषधाविषयी विचारा. 2017 साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे गेली, आणि त्यातली काही औषधे थेट मज्जासंस्थेवर आघात करतात. गडचिरोलीकडचा सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराचा, रुग्ण असेल तर अंग रगडण्याचा विचारही नको. त्याच्या मेंदूत बाहेर काही न दिसता पक्षाघाताचे छोटे झटके येऊन गेलेले असू शकतात. आणि मान कडकन मोडणाऱ्याकडे कोणालाच नेऊ नका: मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होणे दुर्मीळ असले तरी खरे आहे.

कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली मी हाताच्या उपचाराला रुग्णाचे लाड म्हणत असे. व्यायाम तेवढा खरा. त्या मुलीला मी आज सांगते की हात लावला नसता, तर या बाईंनी व्यायामासाठी खांदा उचललाच नसता. ती म्हणते, गोळी कमी झाल्याचे श्रेय तू हाताला देतेस. यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि तिच्याकडेही पुरावा नाही. गटाची पदे पुन्हा बदलतील तेव्हा बाईंनी पुन्हा कागद मागितला, तर काय लिहावे यावर आमचे दोघींचे अजून जमलेले नाही.