समुद्राच्या खाली राहायची भीती वाटत नाही का?

दर सुट्टीत, दर लग्नात हा प्रश्न ठरलेला. "तुमचं घर म्हणे समुद्राच्या खाली आहे. भीती नाही वाटत?" विचारणाऱ्यांना नेदरलँड्सबद्दल बाकी सगळं ठाऊक असतं, ट्यूलिप, पवनचक्क्या, सायकली. म्हणून त्यात मी शिरत नाही. इतकी वर्षं मी "छे, अजिबात नाही" म्हणत आले आणि वर चार आकडे ऐकवत आले. तुम्ही पुन्हा विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते.

आकडे खरेच आहेत. देशाची सुमारे २६ टक्के जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. आम्ही राहतो ते न्यूवरकेर्क, रॉटरडॅम आणि गौडा यांच्या मधलं. इथल्या पोल्डरमधली (बांध घालून, पाणी उपसून मिळवलेल्या जमिनीतली) सगळ्यात खोल जागा ६.७६ मीटर खाली, देशातली सर्वांत खालची. महामार्गाच्या कडेला तशी खूणही उभारली आहे. तुम्ही ज्या स्किपोल विमानतळावर उतरता तिथे पूर्वी मोठा तलाव होता. वाफेच्या पंपांनी उपसून १८५२ मध्ये तो कोरडा केला. म्हणजे आमच्या घरी यायच्या आधीच तुम्ही समुद्राच्या खाली आलेले असता.

आणि कृपा करून बांधाच्या भोकात बोट घालून बसलेल्या मुलाची गोष्ट मला सांगू नका. ती रचलेली आहे, एका अमेरिकन पुस्तकामुळे गाजलेली. खरी गोष्ट आमच्याच गावची. १ फेब्रुवारी १९५३ च्या पहाटे आयसल नदीचा बांध फुटायला लागला, तेव्हा मेयरनं एवेग्रून नावाच्या नावाड्याला त्याची मालवाहू बोट भगदाडात घालायला सांगितलं. त्यानं ती घातली. बोट दारासारखी अडकून बसली आणि मागची लाखो माणसं वाचली. त्याच पुरात देशात १८३६ माणसं गेली, बहुतेक दक्षिणेला, झीलंड आणि आसपासच्या बेटांवर. शनिवारची रात्र होती, रेडिओ मध्यरात्रीनंतर बंद असायचा. धोक्याचा इशारा निघाला होता, पण ऐकायला कुणी जागं नव्हतं.

हे सगळं मला पाठ होतं. पुढे समुद्राचं पाणी अडवायला आखलेली डेल्टा योजना, १९९७ पासून रॉटरडॅमच्या तोंडाशी उभं असलेलं मास्लांटकेरिंग हे पूररोधक दार, ज्याचे दोन अजस्र दरवाजे कधी मिटायचे ते संगणक ठरवतो, हेही पाठ. इतकी मोठी यंत्रणा आपल्यासाठी राबते आहे, मग आपण कशाला घाबरायचं, असं मी मनापासून मानत होते.

२०१८ च्या जूनमधली गोष्ट. ही मी आजवर घरच्यांनाही पूर्ण सांगितलेली नाही.

आमच्या घरामागे एक चर आहे. अशा चरांचं जाळं देशभर पसरलंय. पोल्डरमधलं पाणी त्यातून पंपापर्यंत जातं. उन्हाळ्यात त्यावर मसुराच्या डाळीएवढ्या पानांची हिरवी साय धरते. इतकी दाट, इतकी सपाट, की नुकतंच कापलेलं गवत वाटावं. माझी मुलगी चार वर्षांची होती. चेंडू त्या हिरव्यावर जाऊन थांबला आणि ती त्याच्या मागे गेली, जशी अंगणात गेली असती तशी. आवाज अगदी लहान झाला. हिरवं उघडलं आणि परत मिटलं. ती जिथे गेली तिथे दोन क्षणांत पुन्हा गवत होतं.

मी काठावर होते. चार पावलांवर. आणि मी हलले नाही.

मला पोहता येत नव्हतं. डोक्यात एकच विचार होता, मी उडी मारली तर दोघी बुडू. मी ओरडत होते, मराठीत. शेजारच्या आजी कुंपणाच्या दारातून आल्या, बागकामाच्या बुटांसकट सरळ चरात उतरल्या आणि दोन्ही हात खाली घालून माझ्या लेकीला वर काढलं. तिच्या केसांत, नाकात, पापण्यांवर ती हिरवी पानं चिकटली होती. ती खोकली आणि मग रडली.

पाणी आजींच्या कमरेलाही लागलं नव्हतं.

हे वाक्य मी किती वेळा मनात घोळवलंय. समोरच्या चरात पाणी किती, हे मला माहीत नव्हतं. देशाचा सर्वांत खोल बिंदू मला दोन दशांशांपर्यंत माहीत होता.

आजींनी तिला टॉवेलात गुंडाळलं आणि मला विचारलं, "तुला पोहता येत नाही, आणि तू इथे घर घेतलंस?" त्यात राग नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं. त्या १९५३ मध्ये आठ वर्षांच्या होत्या, झीलंडमधल्या स्काउवेन-डाउव्हेलांड बेटावरच्या. पुढे कधीतरी चहा पिताना त्या रात्रीबद्दल त्यांनी एकच वाक्य सांगितलं: माळ्यावर बसलो होतो, अंधारात आधी गोठ्यातला आवाज थांबला.

त्याआधी दोन वेळा शाळेतल्या पालकांनी मला पोहण्याच्या वर्गाची प्रतीक्षायादी भरायला सुचवलं होतं. मी टाळलं. आधी डच भाषा पक्की होऊ दे, पोहणं काय, छंद आहे, असं मी म्हणाले होते. तेव्हाच्या मला आज काय सांगावं? नव्या देशात माणूस आधी भाषेच्या मागे लागतो, ते चूक नव्हतं, असं कधी वाटतं. आणि कधी वाटतं, हे मी स्वतःला सोडवायला म्हणते.

मग आम्ही दोघी शिकलो. इथे ए, बी, सी अशी पोहण्याची प्रमाणपत्रं असतात आणि परीक्षेत मुलांना कपडे-बूट घालून पाण्यात जावं लागतं, कारण कुणी पोहायचा पोशाख घालून चरात पडत नाही. ताडपत्रीला पाडलेल्या भोकातून पाण्याखालून जायचं असतं. माझी लेक त्या भोकात शिरली तेव्हा मी काचेपलीकडे श्वास धरून उभी होते. ती बाहेर आली. मी वयाच्या अडतिसाव्या वर्षी तेच केलं, तिसऱ्या प्रयत्नात.

तर, भीती वाटते का? समुद्राची फारशी नाही. २१ डिसेंबर २०२३ च्या वादळात मास्लांटकेरिंग आपणहून मिटलं आणि त्या रात्री मी झोपले. भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि तिच्याबद्दल मला कुणी विचारत नाही. इथली बरीच जमीन पीटची आहे, कुजक्या वनस्पतींची. पाणी उपसलं की पीटला हवा लागते, ते विरतं, जमीन खचते. जमीन खचली की पुन्हा जास्त उपसावं लागतं. शतकानुशतकं हेच चाललंय. सायकलवर गाठता येणाऱ्या गौडात जुने रस्ते खचताना दिसतात. पाण्याची पातळी वर ठेवली तर खचणं मंदावतं, पण ओल्या कुरणात गाईंचे पाय रुततात, ट्रॅक्टर चालत नाही.

ही पातळी जलमंडळ ठरवतं. काही जलमंडळं या राज्यापेक्षाही जुनी. रेनलांडच्या मंडळाचा उल्लेख १२५५ मध्ये सापडतो. जलमंडळाच्या निवडणुकीत माझ्यासारख्या परदेशी रहिवाशांनाही मत असतं. मार्च २०२३ मध्ये मी पहिल्यांदा दिलं, पातळी वर ठेवू म्हणणाऱ्या यादीला. रस्त्यापलीकडच्या शेतकऱ्यानं उलट दिलं, त्यानं मला तसं सांगितलं. त्याच्या चाळीस गाई आहेत. तो अजून आम्हाला दूध देतो, मी अजून त्याच्या मुलीला गणित शिकवते. पाण्याच्या पातळीचा विषय आम्ही दोघंही काढत नाही.