आजारी नाही, झोप झालेली नाही

खंडाळ्याच्या अलीकडे शिवनेरी थांबली तेव्हा संध्याकाळचे सव्वासहा वाजले होते. जुलैतला मुसळधार पाऊस, काचेवर वाफ, आणि पुढे नजर जाईल तिथपर्यंत लाल दिवे. ड्रायव्हरकाका खाली उतरून चौकशी करून आले. "कंटेनर आडवा झालाय घाटात. क्रेन येतेय."

मी उलटं मोजायला लागले. ही सवय या नोकरीनं लावलेली आहे. उद्या सकाळी सव्वासहाला रिपोर्टिंग, पाचला गाडी घ्यायला येणार, चारला उठायचं. म्हणजे साडेनऊच्या आत मरोळच्या खोलीवर पोचून दिवा बंद व्हायला हवा. अजून गणित बसत होतं.

मी एअरबस ए320 वर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आहे. कॉकपिटमध्ये उजवीकडची खुर्ची माझी. बेस मुंबई, घर पुण्यात, टिंगरेनगरला. कंपनीची गाडी मला मुंबईतल्या पत्त्यावरून नेते आणि तिथंच सोडते; पुणे ते मुंबई हा माझा खाजगी प्रश्न. मरोळला आम्ही तिघींनी मिळून एक खोली घेतली आहे. तिला घर म्हणावं असं तिथं काही नाही. तीन पलंग, इस्त्रीचा टेबल आणि खिडकीला जाड काळे पडदे, कारण आमच्यातली कुणी ना कुणी भर दुपारी झोपलेली असते. पुण्याच्या बेससाठी मी अर्ज केला आहे. तो नंबर सीनिऑरिटीनं लागतो आणि माझ्यापुढे बरेच जण आहेत.

त्या आठवड्यात माझी ड्यूटी सोमवारी दुपारी संपली होती आणि पुढची गुरुवारी सकाळी होती. 1 जुलै 2025 पासून वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 तास झाली आहे, त्यात दोन पूर्ण रात्री यायलाच हव्यात. मला तर साठ तासांहून जास्त मिळाले होते. कागदावर पाहिलं तर त्या गुरुवारच्या क्रूमध्ये सगळ्यात ताजीतवानी मीच होते. बुधवारी सकाळी 7.15 ची डेक्कन क्वीन पकडली असती तर दुपारी खोलीवर पोचून निवांत झोपलेही असते. पण बुधवारी दुपारी बाराला बाबांना हृदयाच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं, आणि मला स्वतः सोबत जायचं होतं. साडेचारची बस घेतली. चार तासांत दादर, असा हिशेब. पावसाळ्यात घाटाचा हिशेब असा घट्ट धरायचा नसतो, हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं असं नाही, आधीपासून माहीत होतं. चूक माझीच होती.

आठ वाजले. नऊ वाजले. बस दोनदा वीसेक फूट सरकली. मागच्या सीटवरचं बाळ रडून रडून दमलं. मी डोळे मिटून झोपायचा प्रयत्न केला, पण एसीचा गारठा, हॉर्न आणि पोटातली धाकधूक यांत पाच मिनिटंही डोळा लागला नाही. याच वेळी क्रू कंट्रोलला, म्हणजे कोण कुठल्या विमानावर जाणार हे बघणाऱ्या कक्षाला, फोन करायला हवा होता. फोन हातात होता, नंबर समोर होता, आणि मी "आता सुटेल, आता सुटेल" करत बसले. त्या दीड तासाची मला आजही सगळ्यात जास्त चुटपुट आहे. मी जितकी उशिरा सांगणार तितकी दुसऱ्या कुणाची तरी झोप मोडणार होती.

का नाही केला फोन? त्याचं उत्तर त्या रात्रीत नाही, 2020 मध्ये आहे.

त्या वर्षीच्या जानेवारीत माझं कमर्शियल पायलट लायसन्स हातात आलं. बारामतीच्या उन्हात सेसना उडवून 200 तास पुरे केले होते. नॅव्हिगेशन, हवामानशास्त्र, नियमावली, टेक्निकल, प्रत्येक पेपरात किमान 70 टक्के, शिवाय रेडिओची वेगळी परीक्षा. बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांचे निवृत्तीचे पैसे आणि घरावर काढलेलं कर्ज, सगळं माझ्या त्या 200 तासांत गेलं होतं. 25 मार्चला देशातली प्रवासी विमानं जमिनीवर आली. 25 मेला ती हळूहळू पुन्हा उडू लागली, पण ज्यांच्याकडे आधीच पगार द्यायला पैसे नव्हते त्या कंपन्या नवे पायलट कशाला घेतील?

दोन वर्षांहून जास्त काळ मी टिळक रोडजवळच्या एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं. नोकरी नसली तरी क्लास वन मेडिकल, म्हणजे पायलटची वैद्यकीय तपासणी, दरवर्षी करावीच लागते. इन्स्ट्रुमेंट रेटिंगही, म्हणजे बाहेर काही दिसत नसताना फक्त उपकरणांवर उडवण्याची परवानगी, जिवंत ठेवावं लागतं, आणि त्यासाठी विमानाचं तासाचं भाडं स्वतः भरावं लागतं. क्लासच्या पगारातून मी ते भरायचे. हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर खरं वाटत नाही. लायसन्स म्हणजे फ्रेम करून भिंतीवर लावायची पदवी नव्हे, तिला दरवर्षी खायला घालावं लागतं. मग भरती निघाली. लेखी परीक्षा, हात-डोळ्यांचा मेळ तपासणारी संगणकावरची चाचणी, सिम्युलेटर, मुलाखत. निवड झाल्यावर ए320 चं टाइप रेटिंग, म्हणजे त्याच प्रकारचं विमान उडवण्याची परवानगी, त्याचा खर्च वेगळा, म्हणजे पुन्हा बँक. निवडीचा ईमेल आला त्या दिवशी आईनं देवापुढे साखर ठेवली आणि बाबा काही न बोलता चपला घालून खाली फिरायला गेले.

इतक्या वाटेनं मिळालेल्या खुर्चीवरून "उद्या मी उडू शकत नाही" हे शब्द तोंडातून निघत नाहीत. कुणी धमकी दिलेली नसते. आपल्या नावापुढे काही लिहिलं जाईल, ही भीती आपलीच असते.

साडेदहाच्या सुमारास मला ग्राउंड क्लासमधली एक दुपार आठवली. आम्हाला मंगळूरचा अपघात शिकवला होता. 22 मे 2010, दुबईहून येणारं विमान, टेकडीवरची धावपट्टी. 158 माणसं गेली, आठ वाचली. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात शेवटचे दोन तास आणि पाच मिनिटं होती, आणि त्यातला बराच मोठा भाग कॅप्टन झोपलेले होते. घोरण्याचा आवाज ऐकू येत होता. जाग आल्यावरही मेंदू लगेच ताळ्यावर येत नाही. विमान उंच होतं, वेगात होतं, आणि उजव्या खुर्चीतल्या फर्स्ट ऑफिसरनं तीनदा सांगितलं होतं, गो अराउंड. उतरणं सोडून द्या, पुन्हा वर जा. शिकवणारे सर एवढं सांगून थांबले होते आणि पूर्ण वर्गात पंख्याचा आवाज येत होता.

त्याच वर्गात शिकवलेलं आणखी एक वाक्य पाठ होतं. सलग सतरा तास जागा असलेला माणूस थोडी दारू प्यायलेल्या माणसासारखा वागतो, रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखा. मी पहाटे साडेपाचला उठले होते. म्हणजे साडेदहाला सतरा तास झालेच होते. उड्डाणापूर्वी आमची श्वासाची तपासणी होते, तिथं शून्य म्हणजे शून्यच लागतं. मी सकाळी त्या नळीत फुंकलं असतं आणि शून्य आलंच असतं. ते यंत्र झोप मोजत नाही. तो आकडा फक्त मलाच माहीत असणार होता.

आणि गुरुवारचे सेक्टर, म्हणजे उड्डाणं, होते मुंबई–दिल्ली, दिल्ली–पुणे, पुणे–दिल्ली. पुण्याचा विमानतळ लोहगावचा, म्हणजे हवाई दलाचा तळ. कंट्रोल टॉवर त्यांचा, सुखोईंची ये-जा सुरू, पक्षी असतात, आणि त्याच वर्षी, 2025 च्या एप्रिलात तर तिथं बिबट्याही दिसला होता. धावपट्टी सुमारे 2500 मीटरची. दिल्लीची सगळ्यात लांब धावपट्टी 4400 मीटरच्या पुढची. कोरड्या हवेत लोहगावला काही अडचण नाही, पण जुलैत, ओल्या धावपट्टीवर, ढग खाली आलेले असताना, तिथं उतरताना दोन पूर्ण जागी डोकी लागतात. दीड डोकं चालत नाही.

दहा पन्नासला मी फोन लावला.

"मॅम, बोला."

मी नाव, स्टाफ नंबर, फ्लाइट सांगितली. घाटात अडकलेय, खोलीवर पोचायला दोन तरी वाजतील, असं सांगितलं.

"पण मॅम, रिपोर्टिंग सव्वासहाला आहे. पोचाल की तुम्ही."

"पोचेन. पण झोप झालेली नसेल."

थोडा वेळ फक्त कीबोर्डचा आवाज. मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "सिक टाकू का? सोपं पडेल तुम्हाला."

तो चांगुलपणानं बोलत होता, यात मला शंका नाही. सिक म्हटलं की एक दिवस रजा, विषय संपला. फटीग, म्हणजे थकवा, म्हटलं की अर्ज भरायचा, कारणं लिहायची, पुढे चौकशी. माझ्या जिभेवर "हो, टाका" आलंही होतं. पण मी आजारी नव्हते. आज खोटा ताप लिहिला, तर पायलट थकतात याची नोंद कुठंच राहत नाही आणि रोस्टर बनवणाऱ्यालाही ते कधी कळत नाही.

"नको. आजारी नाही मी. फटीग लिहा."

"मग रिपोर्ट भरावा लागेल, मॅम."

"भरते. आणि उशिरा सांगितलं, त्याबद्दल सॉरी."

"पाचपासून एक स्टँडबाय पायलट राखीव आहे, त्याला लावतो. तुम्ही नीट पोचा. घाटात दरडीकडेच्या लेनला थांबू नका म्हणावं." शेवटचं वाक्य त्यानं मॅम न म्हणता, घरच्या माणसासारखं म्हटलं.

साडेअकराला वाहतूक सुटली. दादरला पावणेदोन, मरोळला सव्वादोन. खोलीत एक जण झोपलेली होती म्हणून अंधारातच कपडे बदलले. इस्त्री केलेला पांढरा शर्ट हँगरवर तयार होता. त्याच्या खांद्यावरच्या पट्ट्या अंधारातही दिसत होत्या, आणि तेव्हा मात्र मला रडू आलं. आपण काहीतरी मोठं हातचं घालवलं असंच त्या क्षणी वाटत होतं. योग्य केल्याचं समाधान वगैरे काही नव्हतं.

जाग आली ती फोननं. एक वाजून दहा मिनिटं. दुपारचे. मी जवळपास दहा तास सलग झोपले होते.

"अगं, आत्ताच गेलं तुझं विमान!" आई धापा टाकत होती. "छत्री घेऊन गच्चीवर गेले होते. ढगांमुळे अर्धंच दिसलं, पण दिसलं. मी हात केला."

माझी पुण्याची फेरी असली की आई गच्चीवर जाते. तिला वेळापत्रक पाठ असतं. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून विमानं बहुतेकदा पश्चिमेकडे तोंड करून उडतात, म्हणजे आमच्या डोक्यावरून. हिवाळ्यात बऱ्याचदा उलट, तेव्हा उतरताना दिसतात. हे तिला मी कधी शिकवलेलं नाही, तीस वर्षं टिंगरेनगरला कपडे वाळत घालता घालता तिचं तिलाच कळलं आहे. मी लोहगावला चाळीस मिनिटं असते, घर तिथून अगदी जवळ, पण टर्मिनलबाहेर पाऊल टाकता येत नाही. म्हणून ही गच्ची. मी वर असताना ती कधी फोन करत नाही, मेसेज ठेवते. त्या दिवशी उत्साहात चुकून फोन लावला असावा, आणि तो मी उचलला.

"आई, मी नव्हते त्यात."

मग सगळं सांगितलं. घाट, फोन, सिक आणि फटीग. ती बराच वेळ गप्प. मग तिनं विचारलं ते अगदी आईनं विचारावं तसं होतं, "जेवलीस का काल रात्री?" आणि लगेच हळू आवाजात, "नोकरीला काही होणार नाही ना?"

मला उत्तर देता आलं नाही. तिनं फोन बाबांकडे दिला. मला वाटलं, डॉक्टरांकडे नेण्यासाठी थांबले म्हणून हे झालं, असं ते मनाला लावून घेतील. तेवढं होऊ नये म्हणून मीच घाईनं म्हणाले, "बाबा, सकाळची गाडी घेतली नाही ही माझी चूक. तुमच्यामुळे नाही."

बाबांनी ते ऐकलंच नसावं. म्हणाले, "आमचा एक फोरमन होता. सकाळी सेक्शनच्या दारात उभा राहायचा. काडेपेटी कुणाकडे आहे का हे बघायला दुसरा माणूस असायचा. हा फक्त डोळे बघायचा. ज्याचे लाल दिसतील त्याला म्हणायचा, तू आज बारूदीकडे नको, पॅकिंगला जा. मला दोनदा पाठवलं होतं त्यानं. तुझा जन्म झाला त्या आठवड्यात."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला ना. पहिल्यांदा खूप आला." ते थांबले. "तुमच्याकडे दारात कोण असतं?"

"कुणी नसतं, बाबा. आपलं आपणच बघायचं."

"बरं," ते म्हणाले. "रिपोर्ट भरलास का?"

मी लॅपटॉप उघडला.