‘सॉर्टेक्स मारून आणा’: माझा अनुभव

ऐरोलीत आमचं शेंगदाण्याच्या चटणीचं काम आहे. एक गाळा, दोन मोठ्या कढया, एक पल्वरायझर आणि दाणे निवडायला चौघी जणी. सात वर्षं सगळे दाणे परातीत पसरून हातानं निवडले, आणि आमच्या निवडण्याचा मला थोडा गर्वच होता. गेल्या वर्षी एका मॉलवाल्यांकडे नमुना पाठवला. तो आठ दिवसांत परत आला, सोबत दोन ओळी: दाणे सॉर्टेक्स केलेले हवेत, अफ्लाटॉक्सिनचा रिपोर्ट जोडावा.

सॉर्टेक्स हा शब्द तुर्भ्याच्या दाणा मार्केटमध्ये कायम कानावर पडतो. तूरडाळ मागितली की व्यापारी विचारतो, “साधी देऊ की सॉर्टेक्स?” मला वाटायचं, ही डाळीची एखादी जात असेल. जात नाही, ते मुळात लंडनमध्ये १९४७ साली सुरू झालेल्या एका कंपनीचं नाव. रंग बघून धान्य निवडणारी यंत्रं ते बनवायचे. पुढे स्वित्झर्लंडच्या ब्यूलरनं ती कंपनी घेतली, पण आपल्याकडे झेरॉक्ससारखंच झालं. मशीन कुणाचंही असो, माल ‘सॉर्टेक्स मारलेला’.

दुसरी ओळ जास्त बोचली. अफ्लाटॉक्सिन म्हणजे बुरशीचं विष. शेंगा नीट वाळल्या नाहीत, ओल्याच पोत्यात भरल्या की ही बुरशी धरते. घरच्या भाजण्यानं हे विष पुरतं जात नाही. आणि ते सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलंही नसतं. हजारो दाणे चांगले आणि चारदोन पार विषारी, असा प्रकार असतो. पुढे प्रक्रिया करायच्या दाण्यांना आपल्याकडे मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅमची. म्हणजे ते चारदोन दाणे शोधून काढणं हेच खरं काम.

पावण्याच्या एमआयडीसीत एकानं जॉबवर सॉर्टिंग करून देतो म्हणून सांगितलं. टेम्पोत ३०० किलो कच्चे दाणे टाकले आणि ठाणे-बेलापूर रोडनं निघाले. तिथला ऑपरेटर लातूरचा. आधी तिकडे डाळ मिलमध्ये होता. त्यानं पोत्यात हात घातला, मूठभर दाणे तळहातावर फिरवले आणि म्हणाला, “ताई, हे तर सालीसकट आणलंय. साल लाल, सगळे दाणे लाल. आतला डाग सालीआड लपलाय. मशीन फक्त बघायलीय, तिला काय कळायलंय?”

पहिली फेरी अशी फुकट गेली. टेम्पोचं भाडं मात्र लागलंच. पण आलेच होते म्हणून त्याचं चाललेलं काम तासभर उभी राहून पाहिलं, आणि ते बरं झालं.

बाहेरून ते लोखंडी कपाटच. वर हॉपर, त्यात माल ओततात. खाली व्हायब्रेटर, तो थरथरत दाणे एकसारख्या पातळ थरात पुढे ढकलतो. तिथून दाणे तिरक्या, गुळगुळीत पत्र्यावरून घसरतात. ह्या घसरगुंडीला ते च्यूट म्हणतात. उंची जेमतेम माणसाएवढी, पण खाली येईस्तोवर दाण्याला सेकंदाला तीन-चार मीटरचा वेग आलेला असतो. च्यूट संपली की दाणा हवेत मोकळा पडतो आणि तिथेच त्याची परीक्षा होते. पुढून एक कॅमेरा, मागून एक. दोन्ही बाजूंनी का? तर डाग पाठीला असला आणि पुढूनच पाहिलं तर तो सुटणार. एलईडीचा झगझगीत उजेड, आणि दाण्यामागे एक पट्टी. ह्या पट्टीचा उजळपणा चांगल्या दाण्याएवढाच ठेवतात. त्यामुळे चांगला दाणा पट्टीत मिसळून जातो, कॅमेऱ्याला जणू दिसतच नाही, आणि डागी दाणा तेवढा उठून दिसतो. मला हे फार आवडलं. आम्हीही काळे तीळ पांढऱ्या कापडावर आणि पांढरे तीळ स्टीलच्या काळपट ताटात निवडतो, पण नजर चुकवायला नव्हे, पकडायला. इथे चांगल्याला लपवून वाईट पकडतात.

डाग दिसला की खालच्या बाजूला बसवलेल्या नळ्यांपैकी नेमकी त्या दाण्यासमोरची नळी फुंकर मारते. कॅमेऱ्यापासून नळीपर्यंत अंतर समजा १० सेंटिमीटर, वेग सेकंदाला ४ मीटर. मशीनच्या हातात २५ मिलिसेकंद. तेवढ्यात बघायचं, ठरवायचं आणि फुंकायचं. पापणी लवायला ह्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. कानाला फक्त तडतड ऐकू येते, कढईत मोहरी टाकल्यासारखी. फुंकर बसलेला दाणा पुढच्या खोक्यात, बाकीचे सरळ खाली. फुंकरीत शेजारचा एखादा निर्दोष दाणाही उडतो. म्हणून रिजेक्टचा माल पुन्हा एकदा मशीनमधून काढतात, त्याला री-सॉर्ट म्हणतात.

निघताना ऑपरेटरनं काम दिलं: “येताना अर्धा किलो एकदम चांगला आणि पावशेर एकदम खराब, वेगळा निवडून आणा. त्यावर सेटिंग लावतो.”

किती सोपं वाटलं! घरी परातीभोवती चौघी बसल्या आणि दहा मिनिटांत वाद सुरू. काकू म्हणाल्या, सुरकुतलेला दाणा खराब. वहिनी म्हणाल्या, सुरकुतलेला चटणीत चालतो, फक्त काळा काढा. तिसरीनं फुटलेल्या डाळ्याही खराबात टाकल्या. “कुटायचंच आहे ना, मग फुटलेला कसा खराब?” हे मी विचारलं तर ती म्हणाली, “सात वर्षं मी काढतेच आहे, आत्ता विचारताय?” सात वर्षं चार जणींच्या चार परातींतून चार प्रकारचे दाणे निघत होते आणि कढईत एकत्र होत होते! शेवटी ठरवलं: काळा, तपकिरी डाग असलेला आणि बुरशीनं राखाडी पडलेला तो खराब. फुटलेला चांगला. सुरकुतलेला मात्र खराब, कारण तो नीट न भरलेला, आणि बुरशी अशा दाण्याला लवकर धरते असं काकूंचं ठाम म्हणणं. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं.

दुसऱ्या फेरीला दाणे भाजून, साल काढून नेले. आमच्या पद्धतीनं भाजलेले, म्हणजे खरपूस. मशीन चालू झाल्यावर रिजेक्टचं खोकं भराभरा भरायला लागलं. ३०० किलोत ४१ किलो बाहेर. मी मूठभर उचलून खाल्ले. उत्तम दाणे! फक्त कढईच्या तळाला लागून जरा जास्त तांबूस झालेले. ज्या चवीसाठी लोक आमची चटणी नेतात, तीच मशीनला डाग वाटत होती.

“सेन्सिटिव्हिटी कमी करू का?” त्यानं विचारलं. करून पाहिली. रिजेक्ट निम्म्यावर आलं, पण चांगल्या मालात खरे काळे दाणेही उतरायला लागले. भाजका तपकिरी आणि कुजका तपकिरी ह्यांत कॅमेऱ्याला फरक करता येईना. मला चावून येतो, पण २५ मिलिसेकंदांत नाही.

कॅमेऱ्याच्या पलीकडे बघणारी मशीनं असतात, हेही त्यानंच सांगितलं. इन्फ्रारेड लावलं की दाण्याच्याच रंगाचा खडा किंवा काच वेगळी पडते, कारण तो किरण परतवण्याची प्रत्येक वस्तूची तऱ्हा निराळी. त्याच्याकडचं साधं, रंगाचं. खड्यांसाठी आधी डीस्टोनर, तो वजनावर काढतो. रंगावर सगळं सोडू नका, हे त्यानं दोनदा बजावलं.

उपाय शेवटी क्रम बदलण्यात निघाला, आणि तो त्याचाच. दाणे आधी मंद आचेवर नुसते तापवायचे, साल सुटेल एवढेच. साल काढायची. पांढुरक्या दाण्यांना सॉर्टेक्स मारायचा. मग घरी आणून खरपूस भाजायचे. काम एका पायरीनं वाढलं, गॅसही जास्त लागतो, पण तिसऱ्या फेरीला री-सॉर्टनंतर रिजेक्ट फक्त ९ किलो निघाला, आणि त्यात खरोखरच काळे-राखाडी दाणे होते. सोललेल्या पांढऱ्या अंगावर एवढीशी बुरशीही लपत नाही. आम्ही सालीसकट निवडत होतो तेव्हा ह्यातलं किती हातून सुटलं असेल, ह्याचा विचार मी फार वेळ करत नाही.

ती फेरी जुलैतली होती, त्यामुळे अर्धा दिवस वाया गेला तो वेगळाच. नवी मुंबईचा पाऊस, हवेत नुसती ओल. फुंकरीची हवा देणाऱ्या कंप्रेसरच्या लाइनमध्ये पाणी साचलं आणि नळ्यांतून फुंकरीबरोबर तुषार यायला लागले. हवा सुकवणाऱ्या ड्रायरचं पाणी काढा, फिल्टर बदला, कॅमेऱ्यापुढच्या काचेवर चिकटलेली साल पुसा, मग सुरू. काच मळली तर मशीनला सगळंच डागी दिसतं.

लॅबचा रिपोर्ट मर्यादेच्या बराच खाली आला. ऑर्डरही मिळाली, सुरुवातीला महिन्याला दोन पेट्या. रिपोर्ट मी फाइलला लावला, पण मशीन विष बघत नाही, रंग बघतं, हे आता मला माहीत आहे. म्हणून खरेदीच बदलली. पोतं उघडून वास घेतल्याशिवाय आणि दोन-चार दाणे सोलून पाहिल्याशिवाय मार्केटमधून उचलत नाही. ओलसर वास आला की भाव कितीही खाली असो, पुढचं दुकान.

चौघींपैकी दोघी आता पॅकिंगला असतात. काकू पुन्हा परातीशीच बसतात, मशीनमधून आलेला चांगला माल बघायला. किलोला एखादा दाणा काढतात आणि तो मला मुद्दाम आणून दाखवतात.

राहिला ९ किलो रिजेक्ट. युनिटच्या दारातच एक जण उभा होता, तेलघाणीला देतो म्हणाला, रोख. दुसऱ्यानं पेंडीसाठी मागितला. पण गाईनं खाल्लं की हे विष रूप बदलून दुधात उतरतं. दोघांनाही नाही म्हटलं. पोत्यावर लाल खडूनं फुली मारून ते गाळ्याच्या कोपऱ्यात ठेवलं. तेव्हापासून वहिनी रोज विचारतात, “ह्याचं करायचं काय?” काल आम्ही ते दाणे पाण्यात भिजवून लगदा केला, म्हणजे कुणी उचलून विकणार नाही, आणि ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. घंटागाडीवाला म्हणाला, “ताई, एवढे दाणे टाकून दिले?”