साठ कावळ्यांचा क्रम

सकाळी आमच्या छापचित्रांच्या स्टुडिओत शिरलो तेव्हा आमचा शिकाऊ मुलगा माझीच वाट पाहत होता. काम फत्ते झाल्याचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. "दादा, सगळे टीपकागद बदलले. छाप बघा कसे सपाट सुकलेत."

मी वरची फळी उचलली. छाप खरोखरच सपाट सुकले होते. पण दोन छापांच्या मधला टिश्यू कोरा होता. दुसराही कोरा, तिसराही.

"जुने टिश्यू कुठायत?"

"ओलसर होते. काढून टाकले."

"आणि छाप परत रचताना क्रम?"

रात्री ज्या चार टेबलांवर त्याने साठ छाप पसरले होते, तिकडे त्याने एकदा पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. पुढे काही विचारायची गरज उरली नाही.

क्रमाचं एवढं काय, असं कुणी म्हणेल, आणि एरवी ते बरोबरही आहे. एडिशनमधले, म्हणजे एका प्लेटवरून ठरावीक संख्येत काढलेले, छाप एकसारखेच असावे लागतात. तळाशी पेन्सिलीने ४/२० लिहिलेलं असतं, पण तो चौथा निघालेला छाप असतोच असं नाही. बरेचदा सहीच्या वेळी जो हाताला येतो त्याला तो आकडा मिळतो. या कामात मात्र क्रम हाच विषय होता.

ताईंनी एका तांब्याच्या प्लेटवर ड्रायपॉइंटमध्ये कावळा काढला होता. तारेवर बसलेला, पंख मिटलेला, एवढाच. त्या एका प्लेटचे साठ छाप काढायचे आणि त्यातून बारा-बारा पानांची पाच पुस्तकं करायची. घडीचं पुस्तक, पंख्यासारखं उलगडणारं. पूर्ण उलगडलं की बारा कावळे एका तारेवर. पहिला काळाकुट्ट, बारावा नुसती रेघांची आठवण. पहिल्या पुस्तकात १, ६, ११ असे करत ५६ पर्यंतचे छाप जायचे, पाचव्यात ५, १०, १५ ते ६०. म्हणजे पाचही पुस्तकं साधारण सारख्याच चालीने फिकी होत जाणार.

फिकी का होणार, तर ड्रायपॉइंटमध्ये आम्लाचं काम नसतं. पोलादी सुईने तांबं थेट ओरखडायचं. नांगराच्या तासाला दोन्ही कडांनी माती उकरून येते, तसं रेघेच्या कडेला तांबं उकरून येतं. त्याला बर म्हणतात. शाई रेघेपेक्षा या बरमध्येच जास्त धरली जाते आणि छापात मखमलीसारखा काळा येतो. पण हा बर फार नाजूक. प्रत्येक पुसणीला आणि रुळाखालच्या प्रत्येक फेरीला तो थोडा चेपतो. तांब्यावर धड असे दहा-वीस छाप मिळाले तरी छापणारा खूश असतो. रेम्ब्रांटनं १६५३ साली तीन क्रूसांचं मोठं ड्रायपॉइंट केलं. ती प्लेट झिजल्यावर त्याने तिच्यावर इतकं नव्याने काम केलं, की नंतरचे छाप वेगळंच चित्र वाटावेत. झिजेवर एकोणिसाव्या शतकापासून उपाय आहे: विजेच्या मदतीने तांब्यावर लोखंडाचा अगदी पातळ थर चढवायचा, म्हणजे बर टिकतो. मी ताईंना तो सुचवला होता. त्या म्हणाल्या, "अरे, झिजायलाच तर हवी आहे ती."

चूक मुलाची नव्हती. आकडे टिश्यूवर घालायची अक्कल माझी. छापण्याआधी कागद भिजवून मऊ केलेला असतो, त्यावर पेन्सिल टेकवली तर पृष्ठभाग दुखावतो. म्हणून छाप निघाला की वर टिश्यू ठेवायचा आणि टिश्यूच्या कोपऱ्यात आकडा लिहायचा, अशी माझी पद्धत. कोरडा असताना, भिजवण्याआधीच, कागदाच्या पाठीवर बारीक आकडा घालता आला असता. पण पंधरा वर्षं असंच चाललंय म्हटल्यावर आणखी एकदा चालेल, असं आपण धरूनच चालतो. "टीपकागद बदलून ठेव" एवढं सांगून मी घरी गेलो होतो. टिश्यूबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो.

ताईंना फोन केला. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग, "येते मी. कशाला हात लावू नका."

त्या येईपर्यंत मी कामाची वही काढली. पुढचे काही तास त्या वहीनेच तारलं. चार दिवस, रोज पंधरा छाप. १९ व्या छापासमोर लिहिलेलं: "उजवीकडे वर ओरखडा, टार्लटनमध्ये कण." पुसायच्या जाळीदार कापडात काहीतरी कठीण अडकलं होतं आणि तांब्यावर केसाएवढी रेघ उठली होती. ३१ ला नवी शाई मळलेली, तेल किंचित जास्त पडलेलं. ४६ ला प्रेसवरचं ब्लँकेट, म्हणजे कागदावर घालायचं जाड लोकरी कापड, बदललेलं, कारण ओल्या कागदातला साइझ, म्हणजे कागदाची खळ, शोषून जुनं कडक झालं होतं.

म्हणजे साठ छापांचे चार ढीग सहज होत होते. ओरखडा नसलेले पहिले अठरा. ओरखडा असलेले, पण जुन्या शाईतले बारा. नवी शाई, जुनं ब्लँकेट: पंधरा, या शाईला रेघांच्या कडेने तपकिरी झाक होती. उरलेले शेवटचे पंधरा, ज्यांच्यावर प्लेटच्या वरच्या-खालच्या कडेचा दाब जास्त खोल उमटला होता. जुन्या छापांचा अभ्यास करणारेही असंच करतात. बर किती उरलाय ते बघतात, नवा ओरखडा कुठे दिसतो ते बघतात, कागदातलं जलचिन्ह क्ष-किरणांनी टिपून कुठला छाप कुठल्या कागदाच्या खेपेतला ते ताडतात. आमचा सगळा कागद एकाच गठ्ठ्यातला. जलचिन्ह होतं, पण सगळीकडे तेच.

ताई आल्या, चप्पल काढून थेट टेबलापाशी. मुलगा कोपऱ्यात. त्यांनी त्याला हाक मारली, "ये रे, तुझे डोळे आमच्यापेक्षा तरुण आहेत," आणि भिंग त्याच्या हातात दिलं. मला हे सुचलं नव्हतं.

दिवे बंद करून एकच दिवा टेबलाच्या कडेला आडवा लावला. तिरप्या प्रकाशात शाईचा थर कागदावर किती उभा आहे ते दिसतं. पहिल्या ढिगात मजा आली म्हणायला हरकत नाही. छातीच्या पिसांमधला काळा पहिल्या चार-पाच छापांत इतका दाट होता की रेघा दिसतच नव्हत्या. मग त्यातून एकेक रेघ मोकळी होत गेली. दुसऱ्या ढिगात मुलाला एक गोष्ट दिसली: १९ चा तो ओरखडासुद्धा झिजत होता! त्यालाही स्वतःचा इवलासा बर होता. मग आम्ही कावळा सोडला आणि त्या नको असलेल्या रेघेवरून क्रम लावायला लागलो. तिसऱ्या ढिगाच्या मध्यावर ती रेघ संपली. चौथ्यात तर पंधराच्या पंधरा एकसारखे. तार ठळक, कारण ती सुईने दाबून खोल कोरलेली. कावळा मात्र धुक्यातला.

दुपारी चारला साठ छाप ओळीने मांडून झाले. तेवढ्यात मुलगा म्हणाला, "दादा, ते टिश्यू मी फेकले, पण कचरा अजून गेला नाहीये."

पिशवी उपसली. चुरगळलेले, पण होते. आकडे होते. ताज्या छापावर ठेवलेल्या टिश्यूला शाई लागते, तशी यांना लागली होती. प्रत्येकावर कावळ्याचं पुसट भूत, तेही उलटं. छापात कावळा उजवीकडे बघतो, टिश्यूवर डावीकडे, म्हणजे मुळात प्लेटवर होता तसा. प्लेटच्या कडेला तळव्याने पुसताना शाईचे जे ठिपके आणि पट्टे राहतात, ते दर वेळी वेगळे. टिश्यू पालथा घालून काचेखालच्या उजेडावर छापाशी जुळवला की पटतं, हा त्याचाच.

पण दाट शाई पहिल्या छापांवर, म्हणून भुतंही त्यांचीच. पंचविशीच्या पुढचे टिश्यू जवळजवळ कोरेच. जिथे आमची खात्री होती तिथेच साक्षीदार, आणि जिथे अंधार तिथे कुणी नाही! बावीस टिश्यू जुळले. ते आम्ही लावलेल्या क्रमाशी ताडून पाहिले, केवळ मनाच्या समाधानासाठी.

बावीसपैकी सहा चुकले होते.

११ आणि १२ ची अदलाबदल, तशीच २० आणि २१ ची. ते समजण्यासारखं होतं. पण आम्ही नवव्या जागी ठेवलेला छाप निघाला सतरावा, आणि सतराव्या जागचा नववा. त्या नवव्याकडे मी बराच वेळ बघत बसलो. फिका होता, नक्कीच. मग आठवलं, त्या दिवशी जेवून आल्यावर पहिलाच छाप मी जोर लावून पुसला होता. बर शाबूत होता, त्यातली शाई मीच ओढून काढली होती. आणि सतरावा उलट हलक्या हाताने पुसलेला, म्हणून तरुण दिसत होता. छाप फिका होण्याची कारणं दोन, प्लेटचं वय आणि माझा हात. दिवसभर आम्ही दोन्ही एकाच खात्यात मांडत होतो.

ताईंना वाईट वाटेल असं मला वाटलं. त्यांनी दोन्ही छाप शेजारी धरले आणि म्हणाल्या, "म्हणजे यात तुझं जेवणही आहे."

बावीस छाप टिश्यूप्रमाणे जागच्या जागी लावले. उरलेल्या अडतीसांचं काय? माझा आग्रह होता की शेवटचे पंधरा पुन्हा छापावेत. ताईंनी विचारलं, "कुठून? पंचेचाळीस छाप झालेली प्लेट आता कुठे आहे?" खरंच होतं. साठ होऊन गेलेली प्लेट ४६ वा छाप देत नाही.

अडचण एकच उरली, कोलोफनची. पुस्तकाच्या शेवटच्या पानावरचा मजकूर शिशाच्या खिळ्यांनी जुळवून तयार होता, छापायचा बाकी: "एका प्लेटचे साठ छाप, निघाले त्या क्रमाने, काळजीपूर्वक छापून बांधले." मी म्हणालो, राहू दे, कुणाला कळणार आहे. ताईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. अशा पाच-पाच प्रतींच्या पुस्तकात वाचणाऱ्याजवळ पडताळायला दुसरं काही नसतं, कोलोफनवर तो विश्वास ठेवतो. मी हे इतरांना कितीदा तरी ऐकवलेलं आहे.

जुळणीची फ्रेम सोडवली. "निघाले त्या क्रमाने" काढलं आणि त्या जागी "आम्हाला दिसला त्या क्रमाने" भरायला घेतलं. मुलगा खाने धुंडाळून खिळे आणून देत होता. ओळ काही केल्या बसेना. पट्ट्या काढल्या, शब्दांमधल्या जागा बारीक केल्या, तरी एक शब्द बाहेरच.

"एखादा शब्द जावा लागेल," मी म्हणालो.

ताईंनी उलटी अक्षरं बोटाने वाचत नेली, एका शब्दावर थांबल्या आणि हसायला लागल्या. मी चिमटा घेतला आणि "काळजीपूर्वक"चे खिळे एकेक करून परत खान्यात टाकले.