तुम्ही विचारलंत म्हणून: ल्युकेमियाच्या गोळ्या घरी देताना

लहान मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा रक्ताचा कॅन्सर म्हणजे ए.एल.एल. (ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया). सलाईनमधल्या केमोचे महिने संपले की मेंटेनन्स, म्हणजे आजार परत येऊ नये म्हणूनचा गोळ्यांचा टप्पा, सुरू होतो आणि पुढची साधारण दोन वर्षं बरंचसं औषध आई-वडिलांच्या हातून जातं. त्या वेळी आम्हाला हमखास विचारलं जातं, "आता नुसत्या गोळ्याच आहेत ना? एखाद्या दिवशी मागे-पुढे झालं तर चालेल ना?"

नाही, चालणार नाही. ही गोळी म्हणजे केमोच आहे. फक्त ती देणारी नर्स आता तुम्ही आहात.

मुख्य औषधं दोन. ६-एमपी (मर्कॅप्टोप्युरीन) रोज द्यायची, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. दोन्ही लहान, दोन्ही पिवळसर. सगळ्यात जीवघेणी चूक इथेच होते: आठवड्याची गोळी रोज दिली जाते. मग तोंडात फोड येतात, जुलाब लागतात, काउंट्स (रक्तातल्या पेशींचे आकडे) कोसळतात, आणि हे व्हायला काही दिवसच पुरतात. म्हणून वार कायमचा ठरवा, समजा शुक्रवार, आणि मेथोट्रेक्सेटच्या डब्यावर मार्करने लिहा: 'फक्त शुक्रवार'. डबाही वेगळा ठेवा, ६-एमपीच्या शेजारी नको. चुकून जास्त गेली असं लक्षात आलं, तर त्रास सुरू होण्याची वाट पाहू नका, त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा. ल्युकोव्होरिन हा त्यावरचा उतारा जितका लवकर मिळेल तितका उपयोगी पडतो.

दुसरा घोटाळा मिलिग्रॅमचा. मेथोट्रेक्सेट २.५ मिग्रॅची मिळते आणि १० ची पण. मुलाला १५ मिग्रॅ लिहिलंय, म्हणजे २.५ च्या सहा गोळ्या. केमिस्टने या वेळी १० ची स्ट्रिप दिली आणि घरी सवयीने सहाच मोजल्या, तर ६० मिग्रॅ पोटात गेलं, म्हणजे चौपट. त्यामुळे फाईलमध्ये 'सहा गोळ्या' एवढंच न लिहिता '१५ मिग्रॅ' लिहा आणि दर वेळी स्ट्रिपवरचा आकडा वाचून मगच मोजा.

६-एमपीचा हिशोब आठवड्याचा असतो, हे पालकांना बरेचदा नीट सांगितलं जात नाही. गोळी ५० मिग्रॅची आणि रोजचा डोस आला ४३, तर तेवढा तुकडा पाडता येत नाही. म्हणून ४३ गुणिले ७, म्हणजे ३०१, म्हणजेच आठवड्याला सहा गोळ्या: पाच दिवस अख्खी, दोन दिवस अर्धी. अर्धीचे वार कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवा, म्हणजे आजी-आजोबांनी दिली तरी गोंधळ होत नाही.

गोळी गिळता न येणाऱ्या मुलासाठी खलबत्त्यात कुटू नका, चमच्याखाली चुरडूही नका. ती पूड हवेत उडते आणि घरातल्या इतरांच्या श्वासात जाते. सुई नसलेली १० मिलीची सिरिंज घ्या. हातमोजे घाला, दट्ट्या काढून गोळी आत टाका, दट्ट्या परत बसवा. ५ मिली पाणी ओढून टोपण लावा आणि गोळी पूर्ण फुटेपर्यंत हलवा. लगेच गालाच्या आतल्या बाजूने हळूहळू द्या. मग त्याच सिरिंजमध्ये थोडं पाणी घेऊन तेही पाजा, कारण औषध तळाशी बसतं. घरात कोणी गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल, तर तिने या गोळ्यांना, मुलाच्या उलटीला आणि लघवीच्या कपड्यांना हात लावू नये.

दुधाबद्दल खूप विचारणा होते. पूर्वी ६-एमपी संध्याकाळीच, रिकाम्या पोटी, दुधाशिवाय द्या असं ठामपणे सांगितलं जायचं. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात अशा पथ्यामुळे आजार उलटण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. फरक पडला तो गोळ्या चुकवल्याने: ठरलेल्या डोसांपैकी ९५ टक्क्यांपेक्षा कमी घेणाऱ्या मुलांमध्ये आजार उलटण्याचा धोका लक्षणीय वाढला. ९५ टक्के म्हणजे महिन्याला जेमतेम एखादा डोस चुकणं. तेव्हा तुमच्या घरात जी वेळ रोज पाळता येते ती धरा. चुकलाच तर दुसऱ्या दिवशी डबल देऊ नका. उलटी झाली तरी मनाने पुन्हा न देता फोन करून विचारा.

सीबीसीचा (रक्तपेशींच्या तपासणीचा) रिपोर्ट चांगला आला की घरात आनंद होतो, पण मेंटेनन्समध्ये न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) साधारण ५०० ते १५०० मध्येच हवे असतात. ते सतत वर राहिले तर डोस कमी पडतोय किंवा गोळ्या पोटात जात नाहीयेत. उलट, एन.यू.डी.टी. १५ या जनुकातल्या बदलामुळे काही मुलांचे काउंट्स नेहमीच्या डोसवरही फार खाली जातात. हा बदल आशियाई लोकांत बराच आढळतो. म्हणूनच शेजारच्या बेडवरच्या मुलाच्या गोळ्यांशी तुलना करण्यात अर्थ नसतो.

बाहेरून औषध आणताना जपा. ॲलोप्युरिनॉल (युरिक ॲसिड कमी करणारं औषध) आणि ६-एमपी एकत्र गेलं तर ६-एमपी शरीरात साठतं. ॲलोप्युरिनॉल गरजेचंच असेल, तर ६-एमपीचा डोस पाव ते एक तृतीयांशावर आणावा लागतो. बऱ्याच टॉनिकांमध्ये फॉलिक ॲसिड असतं आणि ते मेथोट्रेक्सेटच्या विरोधात काम करतं. गुळवेल तर नकोच. ती घेतल्यानंतर यकृताला झालेल्या इजेच्या केसेस मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत, आणि या दोन्ही गोळ्यांचा भार मुळातच यकृतावर असतो.

ताप १०१ फॅ.ला पोहोचला, किंवा १००.४ तासभर राहिला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्रीचे दोन वाजले असतील तरी निघा, आणि कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हेच सांगा: "मूल केमोवर आहे." फाईल आणि गोळ्यांच्या स्ट्रिप्स बरोबर घ्या.