तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडच्या डबक्यांबद्दल

दर दिवाळीला वरुडला गेले की कुणीतरी विचारतंच. गेल्या वर्षी चुलतभावाने विचारलं, "तिकडच्या डबक्यायसाठी रडते, अन् आपल्या बोअरवर काहून बोलत नाही तू?" मी हसून फराळाचं ताट पुढे केलं. आता एकदाच लिहून टाकते.

पहिलं म्हणजे, ती डबकी नाहीत. (हे मी दरवेळी म्हणते आणि दरवेळी माझाच आवाज चढतो.) उत्तर मेक्सिकोतल्या कोआविला राज्यात क्वात्रो सिएनेगास हा जेमतेम 13 हजार वस्तीचा तालुका आहे. नावाचा अर्थ चार पाणथळी. भोवती चुनखडीचे उघडे डोंगर, पाऊस वर्षाला 200 मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडे त्याच्या चौपट पडतो. आणि त्या वाळवंटात जमिनीतून निळंशार पाणी वर येतं, शेकडो कुंडांत. तिथे त्यांना पोझा म्हणतात. जगात इतर कुठेही नाहीत असे सत्तरहून जास्त प्राणी-वनस्पती तिथे आहेत. एक कासव आहे, त्याची सगळी भावकी जमिनीवर राहते, हे एकटंच पाण्यात. पाण्यात फॉस्फरस इतका कमी, की तिथल्या एका जिवाणूने आपल्या पेशीच्या पडद्यात फॉस्फरसऐवजी गंधकावर भागवायची सोय केली आहे. असल्या काटकसरी जिवाणूंवर मी तिथे दोन वर्षं काम केलं. 1994 पासून ते खोरं संरक्षित आहे. कागदावर.

पाणी पळवलं लसूणघासाने. होय, आपण गुरांना घालतो तोच. आधी पाटांनी, मग विहिरींनी. शेजारच्या खोऱ्यात विहिरी खोदणारे म्हणायचे, मध्ये डोंगर आहे, आमचं पाणी वेगळं. तिथल्या जिवाणूंचा अभ्यास करणाऱ्या मेक्सिकन शास्त्रज्ञ व्हालेरिया सौसा यांच्या गटाने दोन्हीकडच्या पाण्यात सारखे जिवाणू दाखवले आणि खाली पाणी एकच असल्याचं मांडलं. मला तेव्हा त्या शेतकऱ्यांचा फार राग यायचा. "आपला बोअर वेगळ्या झऱ्याचा आहे" हे वाक्य मी लहानपणापासून बाबांच्या तोंडून ऐकत आले होते, ते मात्र तिथे एकदाही आठवलं नाही.

चुरिंसे नावाचं तिथलं मोठं तळं मी पाहिलं ते आटलेलंच. आम्हाला नेणाऱ्या म्हाताऱ्याची थोडी शेती होती. त्याने जुनी पिकअप लांब उभी केली आणि आम्ही चालत निघालो. एका बाजूला जिप्समच्या पांढऱ्या टेकड्या. तळ्याचं पाणी उडून जाताना मागे उरलेलं जिप्सम वाऱ्याने रचत रचत झालेल्या. पायाखाली काहीतरी कुरकुरत होतं, मला वाटलं मीठ. वाकून पाहिलं तर शंख, तांदळासारखे बारीक, पसरलेले. तिथल्या एका गोगलगायीच्या शास्त्रीय नावातच चुरिंसे आहे. थोडं पुढे कासवाची पाठ पालथी पडलेली, आत वाळू.

मी बोलायला लागले. लसूणघास किती पाणी पिते, गोठे दूर, दूध दूर, पाणी इथलं. माझी स्पॅनिश मोडकी होती, पण उपदेश कुठल्याही भाषेत जमतो. म्हातारा ऐकत होता. लसूणघास त्याच्याही शेतात होती, हे मला माहीत होतं. त्याने मूठभर शंख उचलून खिशात टाकले आणि विचारलं, "तुझे वडील काय करतात?"

"शेती. संत्र्याची बाग."

"आणि पाणी?"

मी म्हटलं, "पावसाचं. आमच्याकडे खूप पाऊस पडतो."

त्याच आठवड्यात बाबांचा फोन आला होता. पाचवा बोअर नऊशे फुटांवर कोरडा गेला होता. सहाव्यासाठी मी पैसे पाठवले होते, त्याच जिवाणूंवरच्या शिष्यवृत्तीतून. म्हातारा "बरं आहे तुमचं" म्हणाला आणि गाडीकडे चालू लागला. त्याला खरं वाटलं असावं, याचाच मला जास्त त्रास होतो.

तर भाऊ, बोलत नाही ते यामुळे. तुम्ही म्हणाल, मग खोटारडी आहेस. असेन. पण बागेचं पाणी तोडून बाबांना काय सांगायला हवं होतं? झाडं बारा वर्षांची होती. कासव जगात एकाच खोऱ्यात आहे आणि संत्री गावोगाव आहेत, हा हिशेब मला तोंडपाठ आहे. तो आमच्या ओट्यावर बसून मांडता येत नाही. तेव्हाची मी म्हणायची, माहिती दिली की माणसं बदलतात. मला तर सगळी माहिती होती.

सहाव्याला दीड इंच पाणी लागलं. तीन उन्हाळे निघाले. आता धाकटा भाऊ सातव्यासाठी पाणाड्या आणणार म्हणतोय. मला अजून फोन आलेला नाही.