तुम्ही विचारलंत म्हणून: जोडून आलेल्या शब्दाचा अर्थ कसा लावायचा?

मी मराठी शिकवते हे कळलं की सोलापुरात एक प्रश्न हमखास येतो. कधी पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा विचारतो, कधी पूर्व भागातली एखादी आई. घरात तेलुगू बोलतात, मुलं मराठी शाळेत जातात. "बाई, दोन्ही शब्द ओळखीचे असतात, पण जोडून आले की अर्थच लागत नाही. कोशातही सापडत नाही. मग करायचं काय?"

आधी वाक्य वाचा, हे माझं उत्तर. असा जोडून झालेला शब्द म्हणजे समास, आणि समासाचे प्रकार पाठ करून अर्थ कळत नाही. अर्थ कळला की प्रकार सांगता येतो. आपल्याकडे बहुतेक वेळा उलट्या क्रमाने शिकवतात आणि त्यात चांगली हुशार मुलं व्याकरणाला घाबरून बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

वर्गात एकदा वाक्य आलं: 'दुष्काळ पडल्यामुळे त्या वर्षीचा शेतसारा माफ झाला.' एका मुलीने शेतसारा म्हणजे सगळं शेत असा अर्थ लावला. सारा गाव, सारा दिवस हे तिच्या रोजच्या ऐकण्यातलं, त्यामुळे तिचा तर्क वाया गेलेला नव्हता. मी विचारलं, "माफ काय काय होतं गं?" ती म्हणाली, "कर्ज होतं. फी होते. शिक्षा होते."

"आणि 'त्या वर्षीचा' असं का म्हटलंय?"

"म्हणजे दरवर्षी असणार ते." मग जरा थांबून तिनेच विचारलं, "बाई, शेतावर सरकारला पैसे भरावे लागतात का?"

सारा म्हणजे जमिनीवरचा कर, हे मी तोवर सांगितलेलंच नव्हतं. 'माफ' आणि 'त्या वर्षीचा' या दोन शब्दांवरून ती तिथवर पोचली. वाक्यात आणखी एक खूण होती. शेत नपुंसकलिंगी, तरी 'माफ झालं' न येता 'माफ झाला' आलं. तत्पुरुष समासात, म्हणजे ज्यात शेवटचा शब्द महत्त्वाचा असतो त्यात, वाक्य शेवटच्या शब्दाच्या लिंगाप्रमाणे चालतं. म्हणून मी नेहमी म्हणते, आधी शेवटचा शब्द धरा. गोष्ट त्याची असते, त्याच्या आधीचा शब्द त्याच्याबद्दल काहीतरी सांगत असतो. त्या मुलीला हे पटायला वेळ लागला नाही, कारण तिच्या घरी तेलुगूत आडनावाला 'इंटिपेरु' म्हणतात. शब्दशः घराचं नाव, पण दारावरच्या पाटीवर लिहिलेलं बंगल्याचं नाव त्यातून कुणी समजत नाही.

खरी अडचण असते ती दोन शब्दांमधल्या नात्याची. जोडताना मधला प्रत्यय, कधीकधी अख्खा शब्दच, गळतो आणि वाचणाऱ्याने तो परत आणायचा असतो. हातमाग म्हणजे काय हे आमच्या शहरात कुणाला सांगावं लागत नाही: हाताने चालवायचा माग. पण हातरुमाल हाताने चालवायचा नसतो, तो हात-तोंड पुसायला जवळ ठेवायचा. हातखर्च हाताशी असावा म्हणून ठेवलेल्या पैशातून होतो. आणि दोन पक्षांनी हातमिळवणी केली, असं पेपरात येतं तेव्हा कुणाचा हात कुणाच्या हातात असायलाच हवा असं नाही. पगाराची आणि खर्चाची तोंडमिळवणी होत नाही, या वाक्यात तोंड शोधायला गेलात तर अडकाल. पगार, खर्च आणि 'होत नाही' एवढं पाहिलंत की अर्थ हाती येतो.

पेपरातले मथळे मी मुलांना मुद्दाम शेवटाकडून वाचायला लावते. समजा, 'यंत्रमाग कामगार वेतनवाढ मागणी मोर्चा'. मोर्चा. कशासाठी? मागणीसाठी. कसली मागणी? वेतनवाढीची. कुणाच्या वेतनाची? यंत्रमागावर काम करणाऱ्यांच्या. प्रत्येक प्रश्नाला एक गळलेला प्रत्यय परत येतो. सामासिक शब्द जोडून लिहायचे हा नियम मथळ्यांत आणि पाट्यांवर फारसा पाळला जात नाही, त्यामुळे हा समास आहे हेच नवख्याच्या लक्षात येत नाही. नियम पाळावा असं माझं ठाम मत आहे.

आमच्याच गावातलं होम मैदान घ्या. बाहेरून आलेल्याला तो इंग्रजी होम वाटू शकतो, त्याला क्रिकेटचं होम ग्राउंड आठवतं. पण 'संक्रांतीला नंदीध्वज (यात्रेत मिरवतात त्या उंच काठ्या) होम मैदानावर आले' एवढं वाचलं की सिद्धेश्वराच्या यात्रेतला होमाचा विधी डोळ्यांसमोर येतो. गावाची थोडी माहिती असणं हाही संदर्भच.

काही शब्द मात्र वाक्यागणिक वेगळे वागतात. माझा आवडता आहे बरंवाईट. 'बरंवाईट कळण्याचं वय झालं' इथे दोन्ही बाजू आहेत. 'त्याच्या जिवाचं काही बरंवाईट झालं तर?' इथे बरं नावालाच उरतं, मनात फक्त वाईटाची भीती असते, आणि ती सरळ उच्चारवत नाही म्हणून बोलणारी आई 'बरं' आधी लावते. पुस्तकात हा वैकल्पिक द्वंद्व, 'बरे किंवा वाईट' असा त्याचा विग्रह, म्हणजे फोड. तो बरोबरच आहे, पण त्या आईचं वाक्य त्यात मावत नाही. चहापाणीही तसंच. पाहुण्यांना विचारलेलं चहापाणी वेगळं आणि फाईल पुढे सरकवायला मागितलेलं चहापाणी वेगळं.

यावर भरतीवाल्या मुलांचा पुढचा प्रश्न ठरलेला: "बाई, परीक्षेत नुसता शब्द देतात, वाक्य कुठे असतं?" मग वाक्य तुम्ही करा. पीतांबर आलं तर 'आजोबा पीतांबर नेसून पूजेला बसले' असं मनात म्हणा. इथे पीतांबर म्हणजे पिवळं वस्त्रच, पहिला शब्द दुसऱ्याचं विशेषण, म्हणून कर्मधारय. मग 'पीतांबरा, धाव रे' म्हणून बघा. इथे हाक वस्त्राला नाही, ते ज्याचं आहे त्या विष्णूला आहे, अर्थ दोन्ही शब्दांबाहेरच्या तिसऱ्याचा, म्हणून बहुव्रीही. पर्यायांत दोन्ही दिसले तर प्रश्नात विग्रह दिलाय का ते पाहा. 'पीत आहे अंबर ज्याचे असा तो' असं लिहिलं असेल, तर त्यातला शेवटचा 'तो' तुमचं उत्तर ठरवतो.